कमळाबाईच्या डोळ्यांखाली

कमळाबाई आणि अयूबभाऊ यांची पहिली भेट झाली त्या सकाळी वडशाच्या बाजाररस्त्यावर एकोणीस डझन बांगड्या फुटल्या, एक सायकल नालीत गेली आणि पाच वर्षं काठीशिवाय न उठलेला टपरीवरचा एक म्हातारा काठी तिथंच टाकून रेल्वे फाटकापर्यंत धावत गेला. निदान अयूबभाऊ तसं सांगतात. सुरुवातीला ते तीन डझन सांगायचे. पण गोष्ट आता वीस वर्षांची झाली, आणि वाढत्या वयाच्या गोष्टीला बांगड्या जास्त लागतात.

घडलं होतं इतकंच. जानेवारीतली सकाळ, सहाचा सुमार. अयूबभाऊंनी ‘जिशान बँगल अँड कटलरी’चं शटर अर्धं वर केलं, बांगड्यांचा ट्रे घेऊन वळले, तर दारात एक बाई. कपाळ फुटलेलं, रक्ताचा ओघळ हनुवटीपर्यंत, चेहरा पिठासारखा पांढरा, केस मोकळे. ती अगदी शांतपणे म्हणाली,

"भाऊ, खोबऱ्याचं तेल हाय का? लहान शिशी द्या."

ट्रे पडला. अयूबभाऊंनी येत होत्या तेवढ्या सगळ्या दुआ डोळे मिटून म्हटल्या. डोळे उघडले तरी बाई तिथंच. उलट म्हणाली, "सुटे नाईत माझ्याजवळ." तेव्हा कुठं भाऊंच्या जिवात जीव आला. भुतं सुट्या पैशांचा विषय काढत नाहीत.

कमळाबाई भूत नव्हती, नटी होती. झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान कापून शेतं मोकळी झाली की त्याच शेतांत मांडव पडतात आणि नाटकं सुरू होतात. रात्री दहाला पडदा वर जातो, पहाटे पाचला खाली येतो, आणि मधल्या वेळात हजारो माणसं थंडीत घोंगड्या पांघरून रडतात. नाटकं पाठवणाऱ्या मंडळ्यांची ऑफिसं वडशात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. त्यांतल्या ‘झुंबर नाट्यमंडळा’ची कमळाबाई ही नायिका. त्या पहाटे साडेचारला चाळीस किलोमीटरवरच्या एका गावात दिरानं तिचा खून केला होता, आणि रंगपटातलं तेल संपल्यामुळे ती रक्तासकट गाडीतून उतरली होती.

त्या दिवसापासून ती अयूबभाऊंची गिऱ्हाईक. सतरा हंगामांत दिरानं, सासूनं, सावकारानं आणि दोनदा गैरसमजानं तिला किती वेळा मारलं याचा हिशेब खुद्द नाटककारालाही नाही. रोज पहाटे मरायचं, तेलानं तोंड खसाखसा पुसायचं, गाडीत बसल्या बसल्या झोपायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा लग्नाची व्हायचं. या सगळ्यातून तिच्या डोळ्यांखाली दोन काळी वर्तुळं तयार झाली. आधी ती नुसती सावली होती. मग सावलीनं तिथं घर बांधलं.

प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. शंभर फुटांवरून, पिवळ्या दिव्याखाली, बोटभर रंगातून कुणाच्या डोळ्यांखालचं दिसतंय? नाटकाच्या कागदावर कमळाबाईचं वय गेली अकरा वर्षं बत्तीस होतं आणि त्याबद्दल एकाही गावानं तक्रार केलेली नव्हती. नवरा सोमाजी तर तिच्या नाटकाला एकदाही गेला नव्हता. त्याचं म्हणणं, "घरी फुकटात पाहाले भेटते, तिकीट काऊन काढू?"

पण जूनमध्ये ती मंडळाच्या ऑफिसात नव्या हंगामाचं विचारायला गेली, आणि ते भरदुपारी. मंडळाचे मालक गुणवंतराव खुर्चीत बसले होते. गुणवंतराव मालक, लेखक, दिग्दर्शक आणि नायक. वय एकसष्ट. मागच्या नाटकात ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पहिल्या नंबरानं पास झाले होते. त्यांनी कमळाबाईकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडं.

"कमळा, सगळं बराबर हाय तुझं. आवाज हाय, रडनं हाय. पन हे डोळ्याखालचं पाह्य ना जरा. तान्ह्या पोळ्याले पोस्टरचे फोटो काढून राह्यलो. तवापर्यंत हे गेलं, तं पाहू."

बैलांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन मिरवतात, तो तान्हा पोळा. म्हणजे अडीच महिने. कमळाबाई ऑफिसाच्या पायऱ्या उतरली ती बोटं मोजतच. पोस्टरवर वरच्या बाजूला मोठा फोटो नायिकेचा, खाली टिकलीएवढे फोटो आई, सासू, मावशी यांचे. वरून खाली येता येतं, खालून वर कुणी गेलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिच्या आधीची नायिका एका हंगामात आई झाली, दुसऱ्यात आजी, आणि तिसऱ्यात गेटवर तिकिटं फाडत होती.

ती थेट अयूबभाऊंच्या दुकानात गेली.

"भाऊ, डोळ्याखालचं काळं जायचं काही हाय का? पन सस्तं सांगजा."

अयूबभाऊंचं शिक्षण सातवी, पण डब्यांच्या पाठीवरचं मुंगीएवढं लिखाण तीस वर्षं भिंगातून वाचून वाचून ते रसायनशास्त्रात फार पुढं गेले होते. त्यांनी काउंटरवर फडकं मारलं आणि चार खोके ओळीनं मांडले.

"हे आठशे नव्व्यान्नवचं. याच्यात आठशेचा खोका हाय अन् नव्व्यान्नवचं क्रीम. हे साडेतीनशेचं, वासाचं. वास तुमच्या डोळ्याले काय करायचा, नाक खुश होईल. हे एकशे एकोणपन्नासचं. साधी ट्यूब, वास नाई, कॅफीन हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे कॉफीतलं असते ते."

"कॉफीनं तं झोप उडते म्हंते माझी पोरगी दिव्यानी. झोप नाई म्हून तं हे काळं आलं. त्याच्यावर आनखी कॉफी चोपडू का?"

"प्यायची नाई ना बाई, लावायची. सूज उतरवते."

"अन् ती कोपऱ्यातली बिननावाची डबी?"

अयूबभाऊंनी ती डबी खाली सरकवली. "ते एक जन परत करून गेला, फेकाचं हाय. चार दिवस चमकवते, पाचव्या दिवशी सोलते. तिच्यावर ना बनवनाऱ्याचं नाव ना गाव. असलं कधी घ्याचं नाई, कोनी फुकट देल्लं तरी."

आतल्या पडद्यामागून त्यांच्या बायकोचा, अख्तरीचा आवाज आला, "और सच्ची बात भी बता दो. सोने को बोलो उसको."

"ते तर हायच," अयूबभाऊ ओशाळले. "सच्ची सांगू का बाई, क्रीम म्हंजे चार आने. चार आने ऊन टाळनं, अन् आठ आने झोप."

"झोप तुमच्या दुकानात भेटते का?"

"नाई."

"मंग क्रीमच द्या."

पण खरेदी इतक्यात संपायची नव्हती, कारण आता फोनवर दिव्यानी आली. दिव्यानी ही कमळाबाईची पोरगी, गडचिरोलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आईनं नाटकात आयुष्यभर सोसलं त्याचा वचपा ती आईवर हुकूम सोडून काढत असे. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे दुकानातल्या बांगड्यांनीही सगळं ऐकलं.

"आई, खोक्यावर मुदत वाच. वाचली? आता आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहाचं, खाजलं तं वापस. तोंड पुसाले तो टॉवेल नाई, मऊ कपडा. घासाचं नाई. साधं मॉइश्चरायझर घे, मोठी शिशी, सगळ्यात सस्ती चालते. अन् सनस्क्रीन घे."

"ते कायले?"

"धानाचा रोवना करतेस ना उन्हात? काळं आनखी काळं होते त्यानं."

"अवो, डोळ्याचं सांगून राह्यली मी, हे पूरं तोंड कुठून आलं मधात?"

"डोळे तोंडावरच हायेत आई."

यावर अयूबभाऊ इतके हसले की त्यांना बसावं लागलं. शेवटी तीन वस्तू ठरल्या. एकशे एकोणपन्नासची ट्यूब, मॉइश्चरायझरची मोठी बाटली आणि सनस्क्रीन. कमळाबाईनं ट्यूब हातात घेऊन फिरवली. तिच्या करंगळीएवढी होती.

"हे पुरते का तान्ह्या पोळ्यापर्यंत?"

"पुरते. एका वेळेस तांदळाच्या दान्याएवढं घ्याचं."

"कोनचा तांदूळ?"

"म्हंजे?"

"एचएमटी का लुचई? लुचईचा दाना एचएमटीच्या दुप्पट राह्यते भाऊ."

अयूबभाऊंच्या रसायनशास्त्रात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी फोनकडं पाहिलं. दिव्यानीच्या विज्ञानातही नव्हतं. सगळ्या जगाला क्रीम कसं लावायचं ते सांगणाऱ्या विद्वानांनी धानाच्या मुलखात येऊन हा प्रश्न ऐकायला हवा होता. शेवटी तिघांच्या मतानं एचएमटी ठरला.

मग कमळाबाईनं साधना सुरू केली. साधनाच म्हणायची. रात्री आठला जेवण, साडेआठला तोंड धुणं, टिपणं, मग करंगळीशेजारच्या बोटानं एकेका डोळ्याखाली एचएमटीचा एकेक दाणा. त्याच बोटानं, कारण दिव्यानीच्या म्हणण्याप्रमाणे त्यात जोर सगळ्यात कमी असतो. धानाची रोपं चिखलात रोवून रोवून कमळाबाईच्या त्या बोटातही एवढा जोर होता की पहिल्या दिवशी डोळ्यातून पाणी आलं. मग ती पापडाला हात लावल्यासारखी लावायला शिकली. नऊला झोप. सतरा वर्षं जी बाई नऊला कुंकू लावून उभी राहायची, ती नऊला घोरू लागली. सोमाजी घाबरून पहिले दोन दिवस तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहत होता.

आषाढात रोवणे लागले. गुडघाभर चिखलात बायकांची रांग, आणि रांगेत एक पांढरं तोंड. सनस्क्रीन कमळाबाईच्या सावळ्या रंगावर चुन्यासारखं उठून दिसायचं.

"कावो कमळाबाई, घर सारवता सारवता तोंड मधात आलं का?"

"नाई वो, बुजगावन्याची सुट्टी हाय आज. बदलीवर आली ती," दुसरी म्हणायची.

"हसा," कमळाबाई म्हणायची. "कार्तिकात पोस्टर पाहासान तवा माझ्याच बाजूनं फोटो काढून घ्यासान."

पाऊस आला की ते वाहून जायचं. मग ती बांधावर चढून, पदरात तोंड पुसून, पुन्हा लावायची. बायका आणखी हसायच्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लोकांसमोर तोंडाला पांढरं फासून उभं राहण्याची तिला सवय होती.

दर पंधरा दिवसांनी ती वडशाला येऊन अयूबभाऊंसमोर उजेडात उभी राहायची आणि चेहरा पुढं करायची. भाऊ भिंग काढून पाहायचे, वर्तुळांतला फरक मोजून सांगायचे आणि वर एक टोमणा मारायचे, "उजवा डोळा पास, डाव्याले दोन विषय राह्यले."

आषाढ सरताना ती आली तेव्हा मात्र त्यांनी भिंग काढलं नाही. टोमणाही मारला नाही. नुसते म्हणाले, "कमी झालं बाई. लय कमी झालं." आणि दुसरी ट्यूब तिच्या पिशवीत टाकली. पैसे घेईनात.

"काऊन भाऊ?"

"कंपनीची स्कीम हाय."

"हमको तो कोई स्कीम नाही दिखी," पडद्यामागून अख्तरी म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची फोडणी नव्हती. अयूबभाऊंनी आत पाहून हातानं गप्प राहा अशी खूण केली. कमळाबाईला वाटलं, नवराबायकोचं काही बिनसलं असेल.

आणि सांगायची गोष्ट ही, की वर्तुळं खरंच गेली. पूर्ण नाही, पण जूनचा फोटो आणि श्रावणाचा फोटो दिव्यानीनं फोनवर शेजारी शेजारी लावले आणि कॉलेजातल्या मैत्रिणींना पाठवून दिले. एकशे एकोणपन्नासच्या ट्यूबनं किती केलं, सनस्क्रीननं किती आणि नऊच्या झोपेनं किती, हे विज्ञान सांगो. कमळाबाई आरशात पाहायची आणि तिला लग्नाच्या वर्षीची पोरगी दिसायची, जराशी थकलेली, पण तीच. पोळ्याला बैल सजवताना सोमाजी तिच्याकडं पाहून म्हणाला, "तू नाटकात अशीच दिसतं का?" आणि पहिल्यांदाच पुढं म्हणाला, "येऊन पाहीन मंग औंदा."

तान्ह्या पोळ्याला ती सकाळच्या बसनं निघाली. पिवळं लुगडं, केसात शेवंती. रस्त्यानं पोरं लाकडी बैलांची चाकं खडखडवत चालली होती. ऑफिसात फोटोवाल्यानं निळा पडदा बांधला होता. आतल्या खोलीत खाटेवर गुणवंतराव पाठीवर पडले होते. केसांना काळा रंग, डोक्याला प्लास्टिकची पिशवी, गालांना काहीतरी हिरवं, आणि डोळ्यांवर काकडीच्या दोन चकत्या.

"मालक, मी आली. कमळा."

"आं? बस, बस."

ती बसली नाही. त्यांनी डोळे उघडावेत म्हणून उभी राहिली. गुणवंतराव डोळे उघडीनात.

"मालक, पाहा ना जरा."

मालकांनी एक चकती उचलली. एका डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग दुसरी उचलली. उठून बसले. हिरव्या चेहऱ्यावर त्यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, पण हातातली काकडी त्यांनी नकळत खाल्ली.

"अवो बाप! हे तं खरंच गेलं."

"अडीच महिने लावलं," कमळाबाई म्हणाली.

तेवढ्यात बाहेरच्या निळ्या पडद्यामागून एक पोरगी आत आली. भंडाऱ्याकडची, बावीस-तेवीसची. नायिकेचा शालू, नायिकेचा मुकुट. तिनं कमळाबाईला पाहिलं, पटकन वाकून पाया पडली आणि म्हणाली, "ताई, मी तुमचे लय नाटक पाह्यले. एक विचारू का? डोळ्याले काय लावता तुमी?"

कमळाबाईनं तिला ट्यूबचं नाव सांगितलं. तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं हेही सांगितलं. पोरगी फोटोवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. मग कमळाबाई गुणवंतरावांकडं वळली.

"ही कवा ठरली?"

गुणवंतरावांनी पेपरवेट शोधला, पण तो बाहेरच्या टेबलावर होता.

"जेठात."

"म्हंजे तुमी मले डोळ्याचं सांगतलं, त्याच्या आधी."

"त्याच्या... हो. चारक दिवस आधी."

"मंग मले काऊन सांगतलं ते?"

"आता कमळा, सतरा वर्षं काम केलं सोबत. तोंडावर कसं म्हनू, का तू आता नाई म्हून? कोनी म्हनते का असं? काहीतरी सांगाच लागते ना. मले वाटलं, तू समजून जाशीन." ते खरंच दुखावल्यासारखे दिसत होते. "डोळ्याखालचं काळं कोनाचं जाते का बावा? मले काय मालूम, तू घालवून येशीन."

झाडीपट्टीत ‘नाही’ हा शब्द रंगमंचावर हजार वेळा येतो, ऑफिसात कधीच नाही. पाहुण्याला, सोयऱ्याला, नोकराला, कुणालाच तो म्हणायचा नसतो. त्याऐवजी न होणारी एखादी अट घालायची असते आणि समोरच्यानं मुकाट घरी जायचं असतं. हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. कमळाबाईनंही पोरीला मागणं घालायला आलेल्यांपुढं अशीच अट घातली होती. पण या एका बाबतीत तिला ते सुचलंच नाही. तिला अट खरी वाटली, आणि तिनं ती पूर्ण केली.

"आईचं काम हाय ना पन," गुणवंतराव म्हणाले. "मस्त काम हाय. दुसऱ्या अंकात मरते. फोटो काढून घे."

फोटो टिकलीएवढा काढायचा होता, त्याला फार वेळ लागला नाही.

तिथून ती अयूबभाऊंच्या दुकानात आली. भाऊंनी तिला लांबूनच पाहिलं आणि बांगड्या लावायला घेतल्या. आधीच लावलेल्या होत्या, त्या काढून पुन्हा लावू लागले.

"भाऊ, ती पोट्टी आली होती तुमच्या दुकानात?"

"कोनती?"

अयूबभाऊंनी बांगड्या ठेवल्या.

"आली होती. आषाढात. गुणवंतरावच घेऊन आले होते, मेकपचं सामान घ्याले. हीच आपली नवी हिरोइन म्हून सांगतलं."

"अन् तुमी मले नाई सांगतलं."

"कसं सांगू बाई? तुमी इथी उजेडात उभ्या राहाच्या, तोंड पुढं करून. ‘पाहा भाऊ, कमी झालं का?’ अन् कमी झालं होतं ना खरंच. दुसरं काही बोलाले तोंडच नाई उघडलं."

"मैं रोज बोली इनको," अख्तरी पडदा सारून बाहेर आली होती. एरवी ती कधी बाहेर येत नसे. "रोज बोली, बता दो उसको. नाही बताया." ती काउंटरजवळ आली, कमळाबाईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि बराच वेळ पाहत राहिली. "कितना अच्छा हुआ है," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

कमळाबाई काउंटरला टेकून उभी होती. बाहेर लाकडी बैलांची मिरवणूक बक्षिसं घेऊन परत चालली होती.

"बस किती वाजता हाय?" तिनं विचारलं.

"सव्वाचारला."

ती स्टँडवर गेली.

त्या हंगामात कमळाबाईनं आईचं काम केलं, बावन्न प्रयोग. सोमाजी एकाही प्रयोगाला आला नाही, कारण तिनंच येऊ नको म्हणून सांगितलं. पुढच्या हंगामात एकोणीस प्रयोग झाले. त्याच्या पुढच्या हंगामात तिला न्यायला मंडळाची गाडी आली नाही, आणि ती आता गावच्या शाळेत खिचडी शिजवते.